एक्याऐंशी वर्षांचा पेपर

"नाव विचारतंय," मी म्हणाले.

"शरयू रघुनाथ खटावकर," अप्पांनी सांगितलं. "आडनाव आधी टाकायचं असेल तर तसं टाक."

"अप्पा, तुमचं नाव विचारतंय. खेळणार तुम्ही आहात ना?"

"माझं काय राहिलंय आता भरायचं? तुझंच टाक."

यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. बालवाडीपासून बी.एस्सी.पर्यंतचा माझा एकूण एक फॉर्म अप्पांनी भरला होता. शाई निळी, अक्षर छापल्यासारखं, खाडाखोड शून्य. 'उमेदवाराची सही' या रकान्यापाशी आले की पेन माझ्या हातात द्यायचे, तेही नाइलाजाने. समोर रकाना दिसला की त्यात मुलीचं नाव घालायचं, ही त्यांच्या हाताची सवयच होऊन बसली होती. मी मुकाट्याने माझं नाव टाइप केलं. पुढचा प्रश्न मुलगा की मुलगी असा होता, त्याचं उत्तर ओघानं आलंच. अशा रीतीने १९९२ सालच्या जुलै महिन्यात, फलटणच्या एका संगणक केंद्रात, दुपारी पावणेतीन वाजता माझ्या वडिलांनी माझं आयुष्य जगायला घेतलं, आणि सव्वाचारला ते संपवून चहा प्यायले.

केंद्र बेडकिहाळ सरांचं. मी तिथं शिकवायला होते. तेव्हा संगणकाला देवाचा मान होता. चपला बाहेर काढायच्या, आत शिंकायचं नाही, काम झालं की प्रत्येक संगणकाला त्याचं फुलाफुलांचं झाकण घालायचं. खोलीला एसी होता, तोही माणसांसाठी नव्हता. आम्ही जुलैत स्वेटर घालून बसायचो आणि संगणक सुखात असायचे. दसऱ्याला चौघांना झेंडूचे हार, हळदकुंकू, नारळ. एका वर्षी हळद जरा सढळ हाताने पडली आणि एका कीबोर्डातून 'एन' हे अक्षर दिवाळीपर्यंत उमटलं नाही. सर तरीही प्रत्येक नव्या बॅचला पहिल्या दिवशी सांगायचे, "माणूस चुकेल, कॉम्प्युटर चुकायचा नाही."

चारातला एक संगणक जुना होता. त्याच्याबरोबर खोकंभर फ्लॉप्या आल्या होत्या आणि त्यातल्या एकीत हा अमेरिकन खेळ होता. त्यात चित्र नाही की आवाज नाही, नुसती काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. तुम्ही जन्माला येता. मग एकेक प्रसंग येतो, खाली तीन पर्याय. आकडा दाबला की वय पुढे सरकतं. शेवटी तुम्ही मरता आणि पडद्यावर तुमचं प्रगतिपुस्तक येतं. सरांनी त्याचं बारसं 'जीवनरेखा' असं केलं होतं आणि स्वतः कधी खेळले नव्हते, कारण इंग्रजी वाचायची त्यांची हौस 'प्रेस एनी की' इथपर्यंतच होती. दुपारी बॅच नसली की मी खेळायची. तोवर मी सतरा वेळा मेले होते, एकदा तर स्वतः विमान चालवताना.

त्या दिवसांत माझ्या पर्समध्ये पुण्याचं पत्र होतं. संगणकाच्या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला माझी निवड झाली होती आणि वीस जुलैच्या आत फॉर्म भरून हजर व्हायचं होतं. अप्पांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "अकलूजच्या स्थळाचं काय होतंय ते बघू. मग पुणं." अकलूजच्या स्थळाचं बहुतेक सगळं झालेलंच होतं. पत्रिका जुळली होती, फोटो पसंत होता. त्यांनी पत्रातून एवढंच विचारलं होतं, की मुलगी त्या मशीनवर दिवसभर नक्की काय करते? अप्पा चौकशी केल्याशिवाय कुणाला कळवणारे नव्हते, म्हणून ते स्वतः बघायला आले. सरांना कोण आनंद झाला. त्यांनी अप्पांना थेट 'जीवनरेखे'समोर बसवलं.

अप्पा हायस्कुलात गणित शिकवायचे आणि दरवर्षी बोर्डाचे पेपर तपासायचे. फळ्यापाशी उभं राहून शेवटच्या बाकावरची चिठ्ठी टिपण्यात त्यांचा हात धरणारा सबंध तालुक्यात कुणी नव्हता. लांबचं त्यांना असं लख्ख दिसायचं, पण जवळचं दिसायला चाळिशी लागायची आणि ती घरी राहिली होती. त्यामुळे पडद्यावरचं वाचून, त्याचं मराठी करून सांगणं माझ्याकडे आलं.

"तू एक वर्षाची आहेस," मी वाचलं. "समोर जिना आहे. रांगत वर जायचं, आईला हाक मारायची, की आहेस तिथंच बसायचं?"

"बरोबर उत्तर कोणतं?"

"यात बरोबर उत्तर असं नसतं, अप्पा."

"मग प्रश्न कशाला काढला?" अप्पांनी क्षणभर विचार केला. "बसायचं. तीन."

मी तीन दाबलं आणि जिन्याखाली बसून राहिले.

सातव्या वर्षी शेजारच्या मुलींनी रस्त्याच्या कडेला सरबत विकायला बोलावलं.

"विकायला? रस्त्यावर?"

"अमेरिका आहे, अप्पा."

"असू दे. मुलगी खटावकरांची आहे. तीन."

सोळाव्या वर्षी एका मुलाने शाळेतल्या नाचाला बरोबर येतेस का म्हणून विचारलं. मी नाचाचं गॅदरिंग केलं आणि बरोबर येण्याचं नाटकात काम केलं. दुसरा पर्याय 'घरी विचारून सांगते' असा होता. अप्पांचा चेहरा एकदम उजळला.

"दोन. असं पाहिजे. चांगला आहे हो तुमचा प्रोग्राम, बेडकिहाळ."

मी दोन दाबलं. पडद्यावर आलं, घरचे आनंदाने हो म्हणाले.

"कुठले घरचे?" अप्पा म्हणाले. "मला तर विचारलंच नाही."

मग बाविसावं वर्ष आलं. प्रसंग वाचण्याआधीच मला माहीत होता, कारण सतरा वेळा मरताना हा प्रसंग मी कितीदा तरी पाहिला होता. मी शक्य तितक्या कोरड्या आवाजात वाचलं, "दुसऱ्या शहरात शिकायला जायची संधी आली आहे. एक, जायचं. दोन, नाही जायचं. तीन, वर्षभर थांबून मग ठरवायचं."

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पडद्याकडेही पाहिलं नाही, कारण त्यांना तिथं हिरवा धूरच दिसत होता.

"तीन," ते म्हणाले. "घाई कशाला करायची?"

वर्षभराने ती संधी राहिली नव्हती, असं पडद्यावर एका ओळीत आलं.

"पुढं?"

"पुढं लग्न आहे," मी म्हणाले.

"बघा," अप्पा सरांना म्हणाले.

त्यानंतर गाडी भरधाव सुटली. तो खेळ असा होता की तुम्ही कुठं धडपडलात तरच थांबायचा आणि प्रश्न विचारायचा. धडपडलाच नाहीत, तर 'पुढील नऊ वर्षांत विशेष काही घडले नाही' असं म्हणून पुढे जायचा. माझी चाळिशी एका ओळीत गेली, पन्नाशी अर्ध्या. शेवटी मी एक्याऐंशीव्या वर्षी झोपेत, कोणालाही त्रास न देता वारले.

अप्पा खुर्चीत मागे टेकले. त्यांना एवढं समाधान मी बारावीचा निकाल लागला तेव्हाच झालेलं पाहिलं होतं.

"एक्याऐंशी," ते म्हणाले. "आणि विशेष काही घडलं नाही. आता गुण वाच."

"कुटुंब, अठ्ठ्याण्णव."

"वा."

"आरोग्य, सत्याहत्तर. प्रतिष्ठा, त्र्याहत्तर."

चौथी ओळ 'आनंद' अशी होती आणि तिच्यापुढे अकराचा आकडा होता.

"झालं," मी म्हणाले.

"सगळ्या विषयांत पस्तीसच्या वर आहेत ना? एकात जरी कमी पडले तरी बाकीच्यांचा उपयोग नसतो."

"आहेत."

खोटं का बोलले, ते तेव्हा मला नीट सांगता आलं नसतं. सरळ अकरा म्हणाले असते तर कदाचित पुण्याचा विषय तिथंच निघाला असता. पण दीड तास तो माणूस माझ्यासाठी मनापासून पेपर लिहीत होता, एकेका पर्यायापाशी थांबून, माझ्या भल्याचाच विचार करून. त्यावर लाल शाई मारायला माझा हात उठेना.

मात्र सरांचा हात लगेच उठला. त्यांनी प्रिंटर सुरू केला. करकर आवाज करत कागद बाहेर आला, अप्पांनी त्याची चौपदरी घडी केली आणि खिशात घातली. मी घरी गेले ती धास्तावूनच. अप्पांनी जेवणाआधी चाळिशी लावली, पेपर वाचला, पंचांग चाळलं आणि मग खिशातून तो कागद काढून सावकाश वाचला. नंतर म्हणाले, "आज भाजीत मीठ कमी आहे." आई म्हणाली, अजून वाढलेलीच नाही. विषय संपला. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो कागद पत्राबरोबर अकलूजला पाठवून दिला. मला फार वाईट वाटलं. न वाचता पाठवला असता तर एक वेळ समजलं असतं. हा माणूस अकरा वाचून वर मिठाबद्दल बोलला.

अकलूजहून चार दिवसांत उत्तर आलं. कागद फार आवडला होता. मुलाचीही अशीच 'जीवनरेखा' काढून मिळावी, म्हणजे दोन्ही ताडून बघता येतील, आणि मुलगीही त्याच वेळी पाहता येईल. रविवारी येत आहोत.

अशा तऱ्हेने आमच्या घराण्यातला पहिला आणि बहुधा शेवटचा पाहण्याचा कार्यक्रम संगणक केंद्रात झाला. सरांनी दाराशी रांगोळी काढली, जुन्या संगणकाला हार घातला, पेढे आणले. मुलाच्या आई कुमुदिनीकाकू आणि मुलगा हेमचंद्र अशी दोघंच आली. काकू पोस्टात नोकरीला होत्या. अंगाने बारीक, डोळे सतत मुलाच्या मागावर. हेमचंद्र अठ्ठावीस वर्षांचा, साखर कारखान्यात केमिस्ट, उंचापुरा. त्याने दारात चपला काढल्या तेव्हा काकूंनी त्या उचलून भिंतीकडेला सरकवल्या, कुणाच्या पायात येतील म्हणून.

"मला त्या पत्रिकांचं काही सांगू नका, गुरुजी," खुर्चीत बसता बसता त्या अप्पांना म्हणाल्या. "आमचे छत्तीसपैकी एकतीस गुण जुळले होते. लग्नाला सहा वर्षं झाली आणि हे गेले. हा चार वर्षांचा होता. पत्रिका जुळवणाऱ्याला वाटत असतं हो आपलं चांगलं व्हावं, तिथंच घोळ होतो. मशीनला तसं काही वाटत नाही. ते खरं तेच सांगणार." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तुझ्या कागदावरचं मी दुसरं काही वाचलंच नाही बघ. वय तेवढं पाहिलं."

मी कीबोर्डवर, शेजारी काकू, त्यांच्या मागे स्टुलावर हेमचंद्र. सर पेढ्यांचं ताट घेऊन प्रिंटरपाशी उभे. अप्पांना एसीचा गारवा सोसेना, म्हणून ते दारात चपलांपाशी जाऊन उभे राहिले.

नाव हेमचंद्र टाकलं. उत्तरं काकू देणार हे कुणी ठरवलं नव्हतं, पण त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच.

"एक वर्षाचा आहे. समोर जिना," मी म्हणाले.

"याला मी खाली ठेवलेलाच नाही कधी. दीड वर्षाचा होईपर्यंत कडेवर होता."

मी तीन दाबलं.

"सहलीला नदीवर जायचंय."

"नाही."

"सायकल शिकायची आहे."

"नाही बाई."

"आई, मला सायकल येते," मागून हेमचंद्र म्हणाला. तोवर तो बोललेलं हे पहिलंच वाक्य.

"येते. पण मी शिकू दिली नव्हती," काकू म्हणाल्या. "दाब गं तू."

मी दाबत गेले. परगावचं कॉलेज नको, मित्राची मोटारसायकल नको, पोहणं नको, डोंगर नको. सोळाव्या वर्षी एका मुलीने नाचायला बोलावलं तेव्हा काकू म्हणाल्या, "पाय दुखतोय म्हणावं." हसू यायला हवं होतं, आणि आधी आलंही. पण प्रत्येक 'नाही'च्या आधी त्या क्षणभर डोळे मिटायच्या. जे घडू द्यायचं नाही ते एकदा बघून घेत असाव्यात. मग मला हसू येईना.

हेमचंद्र अठ्ठावीसचा झाला. मी शेवटचा आकडा दाबला आणि पडदा कोरा झाला. मग अक्षरं आली.

वय एकोणतीस. मृत्यूचे कारण: आयुष्यात प्रथमच एकट्याने रस्ता ओलांडला.

मी ती ओळ दोनदा वाचली. अमेरिकेतल्या कुणीतरी गंमत म्हणून लिहिलेली ओळ. एखाद्याला कशालाही हात लावू दिला नाही, तर खेळ शेवटी त्याची अशी फिरकी घ्यायचा. मला एवढंच करायचं होतं, जे समोर होतं ते वाचायचं. एकोणतिसाव्या वर्षी मरणाऱ्या मुलाला कोणता बाप मुलगी देईल? लग्न तिथल्या तिथं मोडलं असतं आणि आठ दिवसांनी मी पुण्यात असते. खोटं बोलायचीसुद्धा गरज नव्हती.

"काय म्हणतंय?" काकूंनी विचारलं. त्या पडद्याकडे बघत नव्हत्या. त्यांनी एक हात मागे नेऊन मुलाच्या शर्टाची बाही धरली होती.

मार्गशीर्षात हेमचंद्र एकोणतीस वर्षांचा होणार होता. पोराने घराबाहेर पाऊल टाकलं की या बाईचा जीव टांगणीला लागणार, आणि तो वर्षभर नाही, जन्मभर. कारण मशीनला कुणाचं भलं व्हावं असं वाटत नसतं.

"एकोणऐंशी," मी म्हणाले. "वय एकोणऐंशी. झोपेत. कुणाला त्रास न देता."

बाही सुटली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि तशाच बसून राहिल्या. हेमचंद्रने पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पडद्याकडे पाहिलं. केमिस्ट माणूस, त्याला इंग्रजी येत होतं. मी घाईघाईने एक कळ दाबून पडदा पुसला.

"प्रिंट काढू," सर म्हणाले.

"रिबन संपलीय, सर."

"पेढा तरी घ्या," सर म्हणाले.

काकूंनी पेढा घेतला, अर्धा मुलाला भरवला आणि डोळे पुसून दाराकडे वळल्या. "मग आता काय राहिलं, गुरुजी? तारीख काढायची."

एक माणूस पन्नास वर्षं जास्त जगवला होता आणि तो माझ्याच वाट्याला येत होता.

"थांबा," अप्पा म्हणाले.

ते दारातून आत आले, भिंतीवरच्या फळ्यापाशी गेले आणि त्यांनी खडू उचलला. तिथं मी सकाळी लिहिलेलं काहीतरी होतं, ते त्यांनी आधी नीट पुसलं. मग वर्गात सांगतात त्या आवाजात सांगू लागले.

"मुलीचं आयुष्य एक्याऐंशी. मुलाचं एकोणऐंशी. दोघांच्या वयातलं अंतर सहा. म्हणजे मुलगा एकोणऐंशीचा होईल तेव्हा मुलगी किती? त्र्याहत्तर. एक्याऐंशीतून त्र्याहत्तर वजा." त्यांनी वजाबाकी मांडली आणि उत्तराखाली दोन रेघा ओढल्या. "बाकी आठ. आठ वर्षं वैधव्य. माहीत असताना मुलीला त्यात मी कशी घालू?"

"अहो सर," बेडकिहाळ सर म्हणाले, "त्र्याहत्तराव्या वर्षानंतरचं आत्ता कशाला—"

"कॉम्प्युटर चुकतो का?" अप्पांनी विचारलं.

"नाही," सर म्हणाले, आणि त्यांनी ताट खाली ठेवलं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सुटका झाली म्हणून आनंद व्हायला हवा होता, पण मला एवढंच दिसत होतं की चोवीस वर्षं विधवा असलेल्या बाईसमोर माझे वडील वैधव्याची वजाबाकी करून दाखवत होते. बी.एस्सी.ला मी गणित घेतलं होतं. तेवढ्यापुरती त्याचीसुद्धा मला लाज वाटली.

काकू फळ्यावरच्या आठकडे बघत राहिल्या. मग पर्स उचलून उठल्या.

"तुमचं बरोबर आहे, गुरुजी," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाला वाटेल, आठ वर्षं म्हणजे काय. मला माहीत आहे. फार असतात." माझ्या डोक्यावरून त्यांनी हात फिरवला. "तू वाईट वाटून घेऊ नकोस. माझा हेम एकोणऐंशी म्हणजे चांगला म्हातारा होणार, एवढं ऐकून चालले, मला पुष्कळ झालं."

त्या दाराशी चप्पल शोधत असताना हेमचंद्र मागे रेंगाळला.

"त्या फ्लॉपीची कॉपी मिळेल?" त्याने हळूच विचारलं.

"कशाला?"

"कारखान्यात एक संगणक आलाय. एकदा मी स्वतःच खेळून बघतो. आई नसताना."

मी त्याला मूळ फ्लॉपीच देऊन टाकली. सरांना सांगितलं, बुरशी लागली म्हणून टाकली. हेमचंद्रने आता साठी ओलांडलीय आणि नाशिकला त्याच्या नातीला सायकल शिकवतो, असं ओळखीतून कळतं.

घरी परतताना अप्पा नेहमीसारखे दोन पावलं पुढे चालत होते. बाजार मागे पडला. मग राहवेना.

"अप्पा, तुमचा त्या आकड्यांवर खरंच विश्वास बसला?"

"कोणत्या?" अप्पा न थांबता म्हणाले. "तू वाचलेल्या, की तिथं होते त्या?"

मी जागीच उभी राहिले. तेही थांबले.

"शेवटच्या बाकावरची चिठ्ठी दिसते मला," ते म्हणाले. "दारापासून तुझा तो पडदा कितीसा लांब आहे? एकोणतीस होते." थोडं थांबून म्हणाले, "बरं केलंस. मी तिथं असतो तर मलाही वाचता आलं नसतं."

आम्ही पुन्हा चालू लागलो. आता ते पुढे नव्हते.

"मग माझा कागदही तुम्ही वाचला होता."

"त्याच संध्याकाळी."

"अकरा?"

"अकरा."

"आणि तरी अकलूजला पाठवलात."

"एका पेपरावर निकाल लावत नाही मी. म्हटलं, मशीनच हात आखडून देत असेल. दुसरा पेपर बघू." त्यांनी रुमालाने मान पुसली. "आज पाहिला. तिथं खाली आनंदाची ओळ होती, तू बघितली नसशील. त्या बाईला नऊ पडलेत."

"हेमचंद्रला."

"उत्तरं कुणी दिली? तिला नऊ. आणि मला अकरा."

घराच्या वळणावर मी म्हणाले, "थोडे ग्रेस देऊन पास नाही होत?" हसत म्हणायचं होतं, तसं जमलं नाही.

"अकराला किती ग्रेस देणार? नापास म्हणजे नापास. ऑक्टोबरला बसावं लागतं."

घरी आल्यावर अप्पांनी चाळिशी लावली, निळ्या शाईचं पेन काढलं आणि माझ्याकडून पुण्याचा फॉर्म मागून घेतला. तो सतरंजीवर पसरला, हाताने साफ केला, पेनाचं टोपण काढलं. पहिल्याच रकान्यात 'उमेदवाराचे नाव' असं होतं. पेन त्यावर टेकलंच होतं. मग त्यांनी ते उचललं, फॉर्म फिरवून माझ्यासमोर केला आणि पेन माझ्याकडे सरकवलं.

मी तोवर एकही फॉर्म भरला नव्हता. आडनाव आधी की नाव आधी, इथपासून माझी तयारी होती. पहिल्याच ओळीत मी चुकीच्या रकान्यात गाव लिहिलं, ते खोडलं, खोडताना शाई फरफटली. दहा हजार पेपर तपासलेला माणूस समोर मांडी घालून बसला होता. खाडाखोड त्यांना दिसत होती, कारण चाळिशी डोळ्यांवरच होती. ते शेवटपर्यंत बघत राहिले आणि काही बोलले नाहीत.